अधोली, तागडी आणि वाटी

चकलीने तेल प्यायले तर दोष तेलाला जातो, करंजी फुटली तर सारणाला, आणि नानकटाईचा ताटात ठेवताच भुगा झाला तर भट्टीवाल्याला. दिवाळीच्या या सगळ्या खटल्यांतून एक आरोपी मात्र दरवर्षी निर्दोष सुटतो. तो म्हणजे माप. शेजारणीने सांगितलेली वाटी आणि वाण्याने दिलेला किलो या दोन अगदी वेगळ्या भाषा आहेत, आणि एकीतले वाक्य दुसरीत जसेच्या तसे उतरत नाही, हे आपल्या लक्षातच येत नाही. वाटी जागा मोजते, किलो भार मोजतो. मैद्याची वाटी, रव्याची वाटी आणि तुपाची वाटी ओट्यावर शेजारी शेजारी ठेवल्या तर सख्ख्या बहिणी वाटतात. तागडीत घालून पाहिल्या म्हणजे कळते, की एक हलकी, एक मध्यम आणि एक चांगलीच वजनदार आहे.

ही दोन भाषांची अडचण आजची नव्हे. नांदेड-लातूरकडच्या घराघरांतून ती पिढ्यानपिढ्या नांदत आली आहे. खळ्यावर माप आणि बाजारात वजन अशी आपल्याकडची जुनी वाटणी होती. सोने, केशर, कापूस, गूळ, तूप ही तागडीची प्रजा. ज्वारी, गहू, तूर, हरभरा ही मापाची. आमच्या आजोबांच्या पिढीने शाळेत दोन्हींची कोष्टके घोकली होती. वजनाचे असे: आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, ऐंशी तोळ्यांचा शेर, चाळीस शेरांचा मण. आणि मापाचे असे: दोन निळव्यांचे कोळवे, दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली, सोळा पायल्यांचा मण आणि वीस मणांची खंडी. आता यातली गंमत पाहा. शेर दोन्हीकडे आहे, मण दोन्हीकडे आहे, पण ते एक नव्हेत! एका घरात दोन भावांची नावे सारखीच ठेवावीत तसा हा प्रकार. वजनाचा मण चाळीस शेरांचा, मापाचा मण चौसष्ट शेरांचा. त्यातून मापाचा शेर गावागणिक बदलणारा. एका मुलखात पायलीत साडेतीन-चार किलो ज्वारी मावते, तर दुसऱ्या मुलखात पायली म्हटली की सात किलो समजतात. सोयरीक जुळवताना जमीन किती आणि पायल्या किती पिकतात हे विचारणाऱ्या वधूपित्याने पायली कुठली हेही विचारून घ्यावे, यातच शहाणपण होते.

ही कोष्टके गेली, पण भाषेत त्यांनी आपली जागा सोडलेली नाही. शेरास सव्वाशेर अजून भेटतो. पायलीचे पन्नास मिळणारे लोक पूर्वीपेक्षा वाढलेच आहेत. प्रकृती तोळामासा असते, काम खंडीभर पडलेले असते. मात्र या सगळ्यांत मला विशेष आवडतो तो शिगेचा शब्द. ‘उत्साह शिगेला पोचला’ असे आपण सभेच्या वृत्तांतात लिहितो, पण शीग म्हणजे काय हे पुष्कळांना ठाऊक नसते. माप काठोकाठ भरून वर आणखी धान्य ओतत गेले की त्याचा निमुळता ढीग होतो. आणखी एक दाणा टाकला तर घरंगळेल, अशा टोकाला तो आला की ती शीग. माप सपाट असू शकते, शिगोशीग असू शकते, आणि या दोहोंच्या मधल्या जागेत माणसाची नियत असते.

हा शिगेचा प्रश्न फार जुना आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मापे कशी करावीत याचे स्वतंत्र प्रकरण आहे. माप वाळलेल्या कठीण लाकडाचे असावे आणि वरची ‘शिखा’ मापाच्या चौथ्या हिश्शाइतकी धरावी, असे तिथे सांगितलेले आहे. आपली शीग या शिखेच्याच घरातली वाटते. त्याहून लक्षणीय गोष्ट अशी, की द्रोण हे माप तिथे वजनाने बांधले आहे, आणि तेही उडदाच्या वजनाने. सरकारात येणाऱ्या धान्याचा द्रोण दोनशे पळांचा. व्यापाराचा एकशे साडेसत्याऐंशीचा, चाकरांना वाटप करण्याचा एकशे पंचाहत्तरचा, आणि अंतःपुरासाठी द्यायचा एकशे साडेबासष्टचा. म्हणजे घ्यायचे माप मोठे, द्यायचे लहान. राजाने हे उघड लिहून ठेवले. पुढच्या काळातल्या सावकारांनी तेच न लिहिता केले.

आणखी पुढे या. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये ‘लीलावती’ रचली, तिच्या आरंभीच मापांची परिभाषा दिली आहे. लांबी, रुंदी आणि उंची एकेक हात असलेला घन म्हणजे मगधातली एक खारी. तिचा सोळावा भाग द्रोण, द्रोणाचा चौथा आढक, आढकाचा चौथा प्रस्थ, प्रस्थाचा चौथा कुडव. कुडव हा शब्द गोव्यात धान्याच्या मापासाठी राहिला. तिथे वीस कुडवांची खंडी. पण गृहिणींना रस वाटेल असा भाग पुढे राशिव्यवहारात आहे. खळ्यावर सपाट जमिनीवर धान्याची रास घातली आहे, तिचा घेर मोजला, तर आत धान्य किती? भास्कराचार्य म्हणतात, आधी धान्य कोणते ते सांगा. दाणा जाड असेल तर राशीची उंची घेराच्या दहाव्या हिश्शाइतकी. बारीक असेल तर अकराव्या हिश्शाइतकी, कारण बारीक दाणा जास्त पसरतो. कुसळाचे धान्य असेल तर नवव्या हिश्शाइतकी, कारण कुसळे एकमेकांत अडकून रास उंच चढते. घेराचा सहावा भाग घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि उंचीने गुणायचे. साठ हात घेराची जाड धान्याची रास असेल तर उंची सहा हात, दहाचा वर्ग शंभर, आणि उत्तर सहाशे खारी. त्याच घेराची कुसळाच्या धान्याची रास सहाशे सहासष्टांच्या वर जाते आणि बारीक धान्याची साडेपाचशेलाही पोचत नाही. जिन्नस बदलला की मापाचा हिशेब बदलतो, ही गोष्ट आपल्या गणितात साडेआठशे वर्षांमागे लिहून ठेवलेली आहे. फक्त ती संस्कृतातून स्वयंपाकघरात उतरली नाही.

खळ्यावर माप घालताना पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नसत, ‘लाभ’ म्हणत. लाभ, दोन, तीन अशी मोजणी चाले. लाभ कोणाचा, हे मात्र माप कोणाच्या हातात आहे यावर ठरे. धान्य उसने द्यायचे ते सपाट, परत घ्यायचे ते शिगोशीग. द्यायचे ते हलकेच ओतून, घ्यायचे ते माप हलवून, ठोकून, दाबून. वर सवाई-दिढी वेगळी. पावसाळ्याच्या तोंडावर बियाण्यासाठी अधोली नेणाऱ्या कुळवाड्याला सुगीत काय फेडावे लागे, ते या तीन क्रियापदांवर ठरे. शेतमजूर बायांची मजुरीही धान्याच्या मापाने मिळे. चिपटे दाबून भरले की सैल भरले, यावर संध्याकाळी चुलीवर किती भाकऱ्या पडणार हे अवलंबून असे. मैद्याची वाटी ठोकून भरली तर केक दडस होतो, ही तक्रार आज आपण हसून करतो. तिच्याच पोटात ही जुनी, मुळीच हसण्यासारखी नसलेली गोष्ट आहे.

निजामाच्या राज्यात, म्हणजे आमच्याकडचे जुने लोक जिला मोगलाई म्हणत तिच्यात, बाजाराचे मोठे माप होते पल्ला. हा वजनाचा पल्ला एकशे वीस शेरांचा, म्हणजे तीन मणांचा. आजच्या हिशेबाने जवळजवळ ११२ किलो भरेल. नांदेडला आगगाडी १९०० च्या सुमारास आली. लातूरला बार्शी लाइट रेल्वेची ती चिमुकली गाडी १९११ मध्ये पोचली, आणि मग कापूस, तूर, करडई, शेंगा यांची पोती दूरच्या बाजारांकडे निघाली. लांबचा व्यापारी तुमच्या गावची पायली मानीत नाही, तो तागडी मागतो. त्यात करडई आणि सरकी हे जिन्नस मापाला मोठे आणि वजनाला हलके. ज्वारीची पायली आणि सरकीची पायली यांचा भार सारखा कधीच नसतो. म्हणून रेल्वे जिथे गेली तिथे माप मागे हटले आणि काटा पुढे आला. लातूरच्या गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात. शेराचे छटाकही सोळाच. हा योगायोगच आहे, पण त्या गोलाईत उभे राहिले की मला तो आठवतो खरा.

घरात मात्र अधोलीचेच राज्य राहिले, आणि त्याला कारणही होते. दाण्याचे धान्य मापाने मोजण्यात फारसे बिघडत नाही. तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, मुगाची डाळ यांची एकेक वाटी तोलून पाहा. चौघींत थोडेफार इकडेतिकडे होईल, पण फार नाही. म्हणून चकलीची भाजणी कोणी चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभरा डाळ आणि एकेक वाटी उडीद-मूग अशी केली, किंवा कोणी तेच प्रमाण किलोने धरले, तरी भाजणी जवळजवळ तीच होते. आपल्या आज्या अडाणी नव्हत्या. त्या भाजणीचे माप दाण्यावर घेत, पिठावर नाही. दाणा दळला की त्याचा स्वभावच पालटतो. त्यात हवा शिरते, तो फुलतो. पायलीभर ज्वारी दळून आणली की पीठ त्या पायलीत मावत नाही, आणि वजन पाहाल तर जात्याला किंवा गिरणीला चिकटलेले, वाटेत उधळलेले वजा होऊन ते थोडे घटलेलेच असते. गिरणीवाल्याने पीठ मारले की नाही, हे अधोलीने कळत नाही, काट्यानेच कळते. मापावर विश्वासून परत आलेला फुगीर डबा पाहून समाधान मानणाऱ्या किती घरांची किती पिठे गेली असतील, याचा हिशेब देवालाच ठाऊक!

आता मराठवाड्यातल्या एका गृहिणीची कल्पना करा. १९४८ च्या सप्टेंबरात निजामी राजवट संपली तेव्हा तिचे नुकतेच लग्न झालेले. तिच्या कनवटीला हाली रुपया. मग कलदार आला. सात हाली म्हणजे सहा कलदार हे तिने पाठ केले. हाली नाणे त्यानंतरही कितीतरी दिवस हातात येत राहिले. १९५६ च्या १ नोव्हेंबरला तिचे गाव हैदराबाद राज्यातून द्विभाषिक मुंबई राज्यात आले. १९५७ च्या १ एप्रिलला आण्याचे सव्वासहा नवे पैसे झाले, आणि हा पाव पैसा नेहमी दुकानदाराच्याच बाजूला का पडतो हे तिला कळेना. १९५६ च्या अखेरीस वजनमापांचा कायदा झालाच होता. १९५८ च्या १ ऑक्टोबरपासून देशातल्या ठराविक ठिकाणी किलो आला, आणि १९६२ च्या १ एप्रिलला शेर सगळीकडून कायद्याने बाद झाला. मधेच, १९६० च्या १ मे रोजी, महाराष्ट्र राज्य आले. चौदा वर्षांत राज्य, नाणे आणि वजन सगळेच बदलले. बदलली नाही ती तिच्या फडताळातली वाटी. फराळाच्या पाककृती वाटीत टिकल्या याचे मला तरी नवल वाटत नाही. ज्या जगात रुपयाचा भरवसा नाही, त्यात आईने दिलेली वाटी तरी तेवढीच राहते.

शेराचा किलो झाला तेव्हा बाजारात गोंधळ झाला, पण स्वयंपाकात तितकासा होण्याचे कारण नव्हते. ऐंशी तोळ्यांचा शेर म्हणजे ९३३ ग्रॅम. किलो त्याहून सुमारे सात टक्के मोठा. शेराला रुपया भाव असेल तर किलोला एक रुपया सात पैसे, इतका साधा हिशेब होता. सामान्य माणसाला वाटले महागाई वाढली, आणि काही दुकानदारांनी त्याचे वाटणे खरे करून दाखवले. पावशेर म्हणजे २३३ ग्रॅम होता, त्याच्या जागी पाव किलो आला, तो थोडा जास्त. छटाक ५८ ग्रॅमचा, त्याच्या जागी ५० ग्रॅम आले, ते कमी. अदपाव आणि नवटाक यांना तर जागाच उरली नाही. नवटाक पुढे कुठल्या दुकानात गेली ते दिवाळी अंकात न लिहिलेले बरे. पण पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे सगळे शेराचे गोतावळे किलोने जसेच्या तसे दत्तक घेतले. पाककृतीतले सगळेच जिन्नस पावशेर-अच्छेरात सांगितले असतील आणि सगळ्यांच्याच जागी पाव किलो-अर्धा किलो घातला, तर पदार्थ सात टक्क्यांनी वाढेल, बिघडणार नाही. प्रमाण तेच राहते. बिघडते ते अर्धे जिन्नस वजनाने आणि अर्धे वाटीने घेतले की.

याचे उत्तम उदाहरण नानकटाई. ज्या घरांत भट्टी नव्हती, म्हणजे बहुतेक सगळ्याच घरांत, तिथे दिवाळीआधी मैदा, रवा, साखर, तूप घेऊन बेकरीत जायचे आणि नानकटाई भाजून पत्र्याचा डबा भरून आणायचा, अशी वहिवाट होती. नानकटाईचे मूळ सुरतेच्या डचांच्या भट्टीत होते असे सांगतात. तिच्या मावसबहिणीपैकी एक म्हणावी ते उस्मानिया बिस्किट, ते हैदराबादच्या इराणी चहाखान्यांतले, शेवटच्या निजामाचे नाव मिरवणारे. घरचे प्रमाण असे: दोन वाट्या मैदा, एक वाटी पिठीसाखर, एक वाटी थिजलेले तूप. बेकरीत काटा. तेव्हा यजमानीणबाई काय करी? अर्धा किलो मैदा, पाव किलो साखर आणि पाव किलो तूप तोलून घेई. दोनास एक, एकास एक, प्रमाण चोख! आणि नानकटाई ओठाला लागण्याआधीच ठिसूळ रेतीसारखी गळून पडे.

काय झाले ते पाहू. मध्यम वाटी दीडशे मिलिलिटरची धरा. तीत हलकेच भरलेला मैदा सुमारे ८० ग्रॅम मावतो. पिठीसाखरही तितकीच, पाऊणशे-ऐंशी ग्रॅम. पण तूप मावते सुमारे १३५ ग्रॅम. म्हणजे घरच्या प्रमाणात १६० ग्रॅम मैद्याला १३५ ग्रॅम तूप पडते. याच हिशेबाने अर्ध्या किलो मैद्याला तूप हवे सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास, आणि बाईने घातले अडीचशे. साखर योगायोगाने बरोबर बसली, कारण तिची आणि मैद्याची वाटी भाराने सारखी. तुपाने घात केला. उलटही होते. बेकरीवाल्याने वजनाने सांगितलेले ‘अर्धा किलो मैदा, पाव किलो साखर, चारशे ग्रॅम तूप’ कोणी घरी येऊन पाच वाट्या, अडीच वाट्या, चार वाट्या असे उतरवले, तर मैदा चारशे ग्रॅम आणि तूप साडेपाचशेच्या घरात जाते. मग नानकटाई भट्टीत पापडासारखी पसरते, आणि पुन्हा भट्टीवाल्याच्या नावाने बोटे मोडली जातात.

मग वाटीचे किलोत उतरवायचे कसे? एकच नियम सगळ्यांना लागू करता येत नाही, जिन्नसाजिन्नसाला वेगळा आकडा लागतो. पाण्याच्या वाटीला मूळ धरावे, कारण दीडशे मिलिलिटर पाणी म्हणजे दीडशे ग्रॅम. तूप-तेल पाण्याच्या नव्वद टक्क्यांच्या जरा वर, दाणेदार साखर पाच-सहा हिश्शांपैकी एक वजा, रवा सत्तर टक्क्यांच्या आसपास, चाळलेला मैदा आणि पिठीसाखर निम्म्याच्या थोडे वर, चाळलेले बेसन निम्म्याहून कमी. पोह्यांचे आणि खवलेल्या नारळाचे विचारू नका. ते हाताच्या दाबावर अवलंबून. हे आकडे कोणाच्याही पुस्तकातून पाठ करण्यापेक्षा दिवाळीआधी एका दुपारी आपली स्वतःची वाटी घ्यावी, प्रत्येक जिन्नस नेहमीच्या हाताने भरावा, तोलावा आणि आकडे फडताळाच्या दाराला आतून चिकटवावेत. नेहमीच्या हाताने, हे महत्त्वाचे. मैद्याचा डबा हलवून भरलेली वाटी आणि चमच्याने घातलेली वाटी यांत चौथा हिस्सासुद्धा फरक पडतो.

पाश्चात्त्यांनी हा प्रश्न दोन तऱ्हांनी सोडवला. युरोपातल्या गृहिणीने काटा ओट्यावर आणून ठेवला. अमेरिकेत तसे झाले नाही. तिथे पेल्यानेच मोजण्याचा परिपाठ, आणि ‘चहाचा पेला’, ‘अक्रोडाएवढे लोणी’ असली मापे. १८९६ मध्ये बोस्टनच्या पाकशाळेच्या फॅनी फार्मर या बाईंनी आपल्या पाकपुस्तकात आग्रह धरला, की पेला ठरलेल्याच आकाराचा घ्या, तो सैल भरा आणि वरून सुरी फिरवून सपाट करा. म्हणजे बाईंनी शीग मोडली! आमच्या खळ्यावर गोरगरिबाला जे कधी मिळाले नाही, ते बोस्टनच्या मैद्याला मिळाले. गंमत अशी, की आज नांदेडची एखादी मुलगी फिरत्या पडद्यावर पाहून केक करायला घेते तेव्हा तिच्यासमोर हाच अमेरिकन पेला असतो, २३७ मिलिलिटरचा. तिच्या हातात आईची दीडशेची वाटी असते. सगळे जिन्नस त्याच वाटीने घेतले तर केक लहान होईल पण होईल. अंडी मात्र वाटीला जुमानत नाहीत. दोन म्हटली की ती दोनच पडतात, आणि पीठ पातळ होते.

गोदावरीकाठी प्रसादाचेही दोन पाठ आहेत. नांदेडच्या सचखंड हुजूरसाहिब गुरुद्वाऱ्यात मिळणारा कडाह प्रसाद, त्याचा दंडक समभागाचा: कणीक, साखर आणि तूप सारखेच. हिंदू घरात सत्यनारायणाचा शिरा, त्यात रवा, साखर, तूप सव्वाच्या मापाने, तेही सारखेच. दोन्ही धर्मांनी हिशेबातली कटकट काढून टाकली असे वाटते. पण सारखे म्हणजे वजनाने की वाटीने? वजनाने सारखे घेतले तर सगळ्यांचा भार एकच. सव्वा वाटीने घेतले तर रव्यापेक्षा तूप भाराने तिसऱ्या हिश्शाच्या जवळपास जास्त पडते. शिरा वाटीचा असला की बोटांना तुपाची चकाकी राहते, ती यामुळे. गरिबाच्या घरी पुष्कळदा किलोने सामान येते आणि श्रीमंताच्या घरी सुगरणीच्या वाटीने, म्हणून दोन घरचे शिरे निराळे लागतात, असा माझा एक तर्क आहे. तो कोणी खोडून काढला तर मला आनंद होईल, विशेषतः शिरा करून खोडला तर.

वजन आणि माप यांच्या घोटाळ्याने पैसे जातात ती जागा आज वेगळी आहे. दिवाळीला तेलाचा डबा घेताना ‘पंधराचा’ एवढेच विचारू नये. पंधरा किलोचा डबा असतो आणि पंधरा लिटरचाही असतो. तेल पाण्यापेक्षा हलके, लिटरभर तेल भरते सुमारे ९१० ग्रॅम. म्हणून पंधरा लिटरच्या डब्यात साडेतेरा किलोंच्या थोडे वर तेल, किलोच्या डब्यापेक्षा सव्वा किलोहून जास्त कमी. पिशवीवर दोन्ही आकडे छापलेले असतात, पण बारीक अक्षरात. चकल्या तळताना शेवटच्या घाण्याला तेल कमी पडले की सासू-सुनेत जो संवाद होतो, त्याचे मूळ पुष्कळदा या लिटर-किलोत असते.

कायद्याने धान्य मापाने विकणे बंद झाले त्याला आता साठांहून अधिक वर्षे झाली. १९७६ चा आणि पुढे २००९ चा वजनमापाचा कायदा आला, तागडीतला काटा जाऊन लाल आकडे उमटू लागले. आठवडी बाजारात मात्र मुरमुरे विकणारी बाई अजून पत्र्याचे माप बाळगते. मुरमुरे काट्यावर घातले तर पिशवीभर घेऊनही काटा हलत नाही, आणि गिऱ्हाइकाला फसवल्यासारखे वाटते. माप भरून वर शीग दिली, आणि शिगेवर आणखी एक मूठ, की ते हसत जाते.

घरातल्या अधोल्या बहुतेक मोडीत गेल्या. पितळेचे एखादे मापटे मात्र पुष्कळ घरांत सापडते, कारण ते लग्नात लागते. नवी सून उंबऱ्याशी येते तेव्हा तांदळाने भरलेले माप तिच्यापुढे ठेवतात आणि तिने ते उजव्या पायाने आत लवंडायचे असते. किलोच्या पिशवीने ते काम होत नाही. लग्न ठरले की फडताळाच्या मागच्या कोपऱ्यातून ते मापटे काढतात, चिंचेने घासतात, आणि त्यात तांदूळ शिगोशीग भरतात.